घरी कोण कुठं झोपतं?

संध्याकाळी पाचला काका खुर्चीतून उठून उभे राहिले की मी समजायचे, आज युरोपात आपलं कुणीतरी हॉटेलात शिरतंय. एकदा उभे राहिले की त्या कुटुंबातल्या शेवटच्या माणसाला खोली मिळाल्याचा फोन येईपर्यंत काका खाली टेकायचे नाहीत. चहा उभ्यानं, फोन उभ्यानं, मला झापणंही उभ्यानं. "माझी माणसं तिकडं उभी आहेत, मी कसा बसू?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ती माणसं बहुधा मऊ सोफ्यावर बसून फुकटचं वायफाय वापरत असायची, पण हे काकांना सांगणार कोण? त्यांच्यासमोर बसून काम करताना माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

शरणपूर रोडला पहिल्या मजल्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. माणसं दोनच, काका आणि मी. कामही एकच, मोठ्या कुटुंबांना युरोपात खोल्या मिळवून देणं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. तिकडच्या हॉटेलवाल्यांना माणसं दोन-दोनच आवडतात. तिसऱ्यासाठी कुरकुरत एक पलंग घालतात आणि चौथं माणूस म्हटलं की हात वर करतात. आमच्याकडे येणारं कुटुंब मात्र सात, नऊ, बाराचं. त्यातला मोठा हमखास म्हणायचा, "दोन खोल्या घ्या हो, आम्ही ॲडजस्ट करू." त्यावर काका चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. चष्मा निघाला की समोरच्याची धडगत नसे.

"तिकडं ॲडजस्ट चालत नाही," ते म्हणायचे. "मला आधी सांगा, घरी कोण कुठं झोपतं?"

हा प्रश्न ऐकून लोक चपापायचे. पासपोर्ट विचारा, पगार विचारा, पण हे काय? कॉलेज रोडचे एक दातांचे डॉक्टर तर खवळलेच. "आम्ही कुठंही झोपू, तुम्हाला काय करायचंय?" काका म्हणाले, "मग कुठंही जा." डॉक्टर तरातरा जिना उतरले. तिसऱ्या दिवशी परत आले ते हातात कागद घेऊन. आपण घोरतो म्हणून बायको सहा वर्षं हॉलमध्ये झोपते, हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. काकांनी त्यांना एका शब्दानं छेडलं नाही. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं.

पण नुसत्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नसे. ते स्वतः घरी जायचे, जेवायचे आणि प्रत्येकाचं अंथरूण डोळ्यांनी बघायचे. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा. अंथरुणाला एक लांबट चौकोन, त्यात उशीचा छोटा चौकोन. नावं नाहीत. 'थोरली सून', 'आई', 'बारकं'. रात्री कोण उठतं त्याच्या उशीवर टिंब. या नकाशावरून ते हॉटेलं शोधायचे. तिकडच्या हॉटेलांच्या काउंटरवरच्या बायांना फोन करून विचारायचे, पलंगापासून बाथरूम किती पावलं? लिफ्टमध्ये माणसं तीन मावतात की चार? पलीकडून हसू ऐकू यायचं. काका थांबायचे आणि तोच प्रश्न परत विचारायचे. मी एकदा म्हटलं, "काका, हे सगळं वेबसाइटवर असतं." ते म्हणाले, "वेबसाइटवर खोली असते. झोप लागेल का ते नसतं."

आणि ते कुलूप. आमच्या फायलींच्या खोलीच्या दाराला काकांनी हॉटेलातलं, कार्डावर उघडणारं कुलूप बसवलं होतं. बंद पडलेल्या एका लॉजमधून आणलेलं. ग्राहकांच्या घरातल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसानं ते कार्ड लावून दार तीनदा उघडायचं, त्याशिवाय तिकिटं हातात मिळायची नाहीत. नऊवारीतल्या बाया, धोतरातले म्हातारे, एक निवृत्त मुख्याध्यापक, कुणाची सुटका नव्हती. हिरवा दिवा लागायचा, दांडा खाली व्हायचा, घरचे टाळ्या वाजवायचे आणि काका मागून म्हणायचे, "अजून एकदा." मुख्याध्यापक तिसऱ्या वेळी भडकले, "मी काय शाळेत आहे?" काका म्हणाले, "हो."

गंमत अशी की काका स्वतः त्या दाराला कधी हात लावायचे नाहीत. फाईल हवी असली की मला हाक. मी जेवत असले तर डबा होईपर्यंत थांबतील, पण दोन पावलं चालून दार उघडणार नाहीत. मला वाटायचं, मालकपणा अंगात भिनलाय, दुसरं काय.

निफाडकडचं ते कुटुंब आलं तेव्हा काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. माणसं नऊ. आजोबा-आजी, थोरला मुलगा-सून आणि त्यांच्या दोन मुली, धाकटा मुलगा-सून आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. द्राक्षबागायतदार. माल कंटेनरनं रॉटरडॅमला जायचा. आजोबांच्या मनात एकच गोष्ट होती. आपल्या पेट्या जिथं उतरतात ते गोदाम मरायच्या आत एकदा बघायचं. एप्रिलची छाटणी उरकली की मेमध्ये निघायचं, असं ठरलं.

ऑफिसात थोरल्यानं नेहमीचं सुरू केलं, "चार खोल्या कशाला काका, तीनात बसू की." काकांनी काळ्या चष्म्याला हात घालायच्या आत आजोबाच म्हणाले, "का रं, पाच किलोच्या पेटीत वरून एक घड जास्त टाकला तर तिकडचा सायब पेटी घेतो का? मंग मानूस कसा घेईल?" काकांनी उठून त्यांना टाळी दिली. इतके खूश मी त्यांना आधी पाहिले नव्हते.

डोळ्यामुळे घर बघायला त्यांनी मला पाठवलं. नवा बंगला होता, चार वर्षांचा. भाकरी, ठेचा, शेवभाजी असं दाबून जेवण झालं. थोरल्या सूनबाईंनी सगळं घर दाखवलं. "ही आईबाबांची खोली," त्या म्हणाल्या. मोठा पलंग, त्यावर गोधड्यांचा ढीग, गादीला दुकानातलं प्लास्टिक तसंच. ते मी पाहिलं. पाहिलं आणि पुढं गेले.

बैठकीत आजोबा आणि दोन्ही मुलगे बसले होते. मी तो प्रश्न चाचरत विचारला. थोरला हसला. "ताई, त्यात काय अवघड हे? जोडपी जोडपी एकेका खोलीत. दोघी पोरी एका खोलीत. बारक्या त्याच्या आईबापाकडं. झालं." आजी स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली पाहिलं. मी उठून आत जायला हवं होतं. पण परक्या घरात, सत्तरीच्या बाईला एकटं गाठून 'तुम्ही कुठं झोपता' असं विचारायची मला लाज वाटली. बसही चारची होती. थोरल्यानं सांगितलं तेच मी लिहून घेतलं आणि बेदाण्यांची पिशवी घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझा नकाशा डोळ्यांजवळ धरला. "म्हातारी कुठं झोपते? डोळ्यांनी पाहिलंस?"

"हो."

"खोलीत? म्हाताऱ्याबरोबर?"

"हो काका."

"फारच सरळ घर दिसतंय," ते म्हणाले आणि त्यांनी कागद खाली ठेवला.

मी खोटं बोलले. एवढंसं खोटं, कुणाचं काय बिघडणार असं मनाला सांगितलं. तिकिटं न्यायला सगळे आले तेव्हा आजींनी कुलूप तीनदा उघडलं. काका म्हणाले, "अजून एकदा, आई," तेव्हा त्या हसल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "तिकडं दार लोटून घ्यायचं, का उघडंच ठेवायचं?"

"तिकडं दार आपोआप लागतं, आई."

आजींचा चेहरा पडला. तो मी पाहिला. काकांना त्या काळ्या चष्म्यातून दिसला नसावा.

ते रॉटरडॅमला पोचले त्या दिवशी काका पाचला उभे राहिले. तिकडचे तीन म्हणजे आपले साडेसहा. पावणेसात झाले तरी फोन नाही. काकांनी उदबत्ती लावली, विझली, दुसरी लावली. सातला थोरल्याचा व्हिडिओ कॉल आला.

"काका, आई वर यायना."

"म्हणजे?"

"बसलीय खाली. आम्ही सगळे खोल्या बघून आलो. ही हालायलाच तयार नाय. काय दुखतंय का म्हटलं, नाय. भूक लागली का, नाय. कायबी बोलंना."

त्यानं फोन फिरवला. मोठ्या काचेच्या लॉबीत, पांढऱ्या सोफ्याच्या अगदी कडेला आजी बसल्या होत्या. मांडीवर गाठोडं, दोन्ही हात त्यावर. येणारेजाणारे गोरे वळून बघत होते. पाठीमागून आजोबांचा आवाज आला, "तिला नाय ना यायचं? मंग चला माघारी. मलाबी नाय बघायचं ते गोडाऊन." त्या आवाजात राग होता, पण राग कमी आणि लागलेलं जास्त. नातू रडायच्या बेतात होता.

काकांनी फोन बाजूला धरला आणि ते माझ्याकडे वळले. "त्यांच्या खोलीत पलंग कसा होता? नीट आठव."

"मोठा. वर गोधड्या होत्या. गादीला... गादीला प्लास्टिक होतं."

"घर किती जुनं?"

"चार वर्षं."

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले. "चार वर्षं गादीचं प्लास्टिक निघालं नाही. आणि तू लिहिलंस, म्हातारा-म्हातारी एका खोलीत."

तिकडं थोरल्याचा धीर सुटत चालला होता. "काका, काउंटरवालीनं दोनदा विचारलं. सामान वाटेत पडलंय. आता मी आईला धरून वर नेतो, काय व्हायचं ते होऊदे."

"हात लावायचा नाही!" काका असे गरजले की खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन बघून गेला. "फोन आईंच्या हातात द्या. आणि तुम्ही सगळे लांब जाऊन उभे राहा. ऐकू येईल इतकंसुद्धा जवळ नको."

मग त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "विचार."

"काय विचारू?"

"तिथं विचारलं नाहीस ते."

पडद्यावर आजींचा चेहरा आला, अर्धं कपाळ आणि अर्धं छत. मी माझं नाव सांगितलं. म्हटलं, "आजी, घरी कोण कुठं झोपतं?"

त्या म्हणाल्या, "तू आली व्हतीस तवा का नाय इचारलं?"

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"मी सैपाकघराच्या दारात, खाली," त्या सांगू लागल्या. "माझ्या कडंला थोरली नात. तिला माझ्या पदराचं टोक लागतं हातात, एवढी मोठी झाली तरी. बारकी काकाकाकूच्या खोलीत, तिला काकूबगर झोप नाय. बारक्या आजोबापाशी, भायेर शेडमधे, गोष्टी ऐकतो. थोरला अन् सूनबाई माडीवर." सांगता सांगता त्यांचा आवाज मोकळा होत गेला, जणू दिवे मालवत घरभर फिरत होत्या.

"आणि तुम्ही आजोबांजवळ..."

त्यांनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई, पोरं शाळेत व्हती तवापासून त्यांचं हांथरून भायेर अन् माझं आत. आता या वयात, सुनांदेखत, नातींदेखत, आत एकच पलंग अन् ते दार मागनं आपल्याआपण लागनार. मी कोनत्या तोंडानं जाऊ? अन् पोराला काय सांगू?"

मला स्वतःची इतकी शरम वाटली की डोळ्यांत पाणी आलं. ही बाई हजारो मैलांवर, परक्या सोफ्यावर, सगळ्या घरादाराचा राग अंगावर घेऊन बसली होती, कारण मला चारची बस गाठायची होती.

काका माझ्या खांद्यामागून ऐकत होते आणि कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन काढत होते. बारक्या आजोबांजवळ. आजी आणि थोरली नात, मुलींच्या खोलीत. बारकी नात तिच्या काकाकाकूच्या तीन पलंगांच्या खोलीत, बारक्याच्या जागी. थोरला आणि सूनबाई होते तिथंच. नऊ माणसं, चार खोल्या, एक पलंग कमी नाही, एक जास्त नाही.

त्यांनी फोन काउंटरवर द्यायला सांगितला. "मॅडम, नो एक्स्ट्रा पर्सन. सेम नाइन. ओन्ली चेंज." पलीकडची बाई म्हणाली, नावं खोल्यांवर चढलीत, मुलं आईबापांच्या खोलीत नसतील तर मॅनेजरला विचारावं लागेल. मॅनेजर मीटिंगमध्ये. थांबा. काका थांबले. बाकी खोल्या सगळ्या भरलेल्या, नाही म्हणाले तर दुसरा मार्ग नव्हता. आजी अजून सोफ्याच्या कडेलाच होत्या. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. मग मॅनेजर आला, त्यानं आजोबांचा हात धरून उभ्या असलेल्या नातवाकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

राहिला प्रश्न थोरल्याला काय सांगायचं. काका क्षणभरही थबकले नाहीत. "अहो, त्या हॉटेलचा नियम आहे. साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाबरोबर एक नातवंड पाहिजे. आमच्याच ध्यानातून राहिलं. आईंना हे काउंटरवर कळलं म्हणून त्या थांबल्या होत्या." आजींना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"असं व्हय!" थोरला म्हणाला. "मंग आधीच नाय का सांगायचं."

"नियम म्हंजी नियम," आजोबांचा आवाज आला. "चल रं बारक्या."

इतक्या वर्षांत काकांच्या तोंडून मी ऐकलेलं खोटं हे एवढंच.

आठला फोटो आला. दाराशी आजी आणि थोरली नात, आजींच्या हातात कार्ड, कुलपावर हिरवा दिवा. काकांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि तीन तासांनी खुर्चीत बसले. मी म्हटलं, "काका, मी उद्यापासून येऊ नको का?" त्यांनी ते ऐकलंच नाही. फायलींच्या खोलीच्या दाराकडे बघत होते.

"आमची आई," ते म्हणाले. "आम्ही सातजण तिकडं गेलो होतो. पहिल्यांदाच. तीन खोल्या एका मजल्यावर मिळाल्या आणि एक वरच्या. ती आईला दिली. दुसरं कोण वर जाणार? पोरं लहान, आम्ही दमलेले. रात्री ती नातवासाठी ओव्याची पुडी घेऊन बाहेर आली आणि मागं दार लागलं. कार्ड हातात होतं. लावून बघितलं असेल कितीदा. आमचा मजला कुठला ते तिला माहीत नव्हतं. सकाळी मी वर गेलो तर दाराशी जमिनीवर बसलेली. एका हातात कार्ड, एका हातात पुडी. मला म्हणाली, आत उकडत होतं रे, इथं बरं वाटलं."

खाली रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. काकांनी चष्मा काढून पुसला.

"संध्याकाळी मी तिला दार उघडून दाखवलं होतं. सोपं आहे म्हटलं. जेवायला खाली जायची घाई होती." त्यांनी चष्मा परत घातला. "एकदाच दाखवलं होतं."

माझ्या खोट्याबद्दल ते पुढं कधीही बोलले नाहीत. फक्त त्या संध्याकाळचा चौकोनांचा नकाशा त्यांनी माझ्या टेबलावरच्या भिंतीला चिकटवला आणि तिथं होते तोवर तो मी काढला नाही. निफाडकरांनी गोदाम पाहिलं. आपल्या गावाचं नाव छापलेल्या रिकाम्या पेटीवर हात ठेवून आजोबांनी काढून घेतलेला फोटो आम्हाला आला.

त्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी सिडकोतल्या एक आजी तिकिटं न्यायला आल्या. सोबत सून होती आणि तिला घाई होती. आजींनी कार्ड लावलं, लाल दिवा. परत लावलं, लाल. तिसऱ्यांदा हिरवा. "आलं की, चला आता," सून म्हणाली. मी काकांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले आणि त्या आजींच्या हातातल्या कार्डाला त्यांनी पहिल्यांदाच आपला हात लावला.

"काही घाई नाही," ते म्हणाले. "अजून एकदा, आई."